सप्तर्षींचा पतंग असाच राहील?

डिसेंबरअखेरीस रात्री आठला पूर्वेला दिसणारं मृग नक्षत्र एप्रिलमध्ये त्याच वेळी पश्चिमेला कललेलं असतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याचे दोन तास होतात. वर्षाने सगळं पुन्हा जागेवर! आकृती मात्र तीच.

खरं तर तीही बदलते. 1718 साली एडमंड हॅलेने व्याध, स्वाती आणि रोहिणी यांच्या जागा प्राचीन ग्रीक नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा हे तारे सरकलेले आढळले. केवढी विलक्षण गोष्ट! तारे प्रचंड वेगाने धावतात, पण एसटीच्या खिडकीतून लांबचा डोंगर जागचा हलत नाही असं वाटतं, तसंच त्यांचं होतं. तुलनेने जवळचा स्वाती झपाट्याने सरकतो म्हणायचा, तरी पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं अंतर कापायला त्याला सुमारे आठशे वर्षं लागतात.

मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी पाहा. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे मधले पाच तारे एकाच कुळातले; साधारण ऐंशी प्रकाशवर्षांवरून ते एकाच दिशेने चाललेत. टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र जास्त दूर आहेत आणि त्यांची वाटही वेगळी. त्यामुळे लाखभर वर्षांत पतंगाचा चौकोन आणि शेपूट दोन्ही टोकांकडून वाकडी होतील. वसिष्ठाला खेटून दिसणारी अंधुक अरुंधती त्याच कुळातली, त्यामुळे ती जोडी तेव्हाही जवळजवळच असेल.