मनगटावरचे किलोमीटर

जानेवारीतल्या रविवारी मुंबई मॅरेथॉन पूर्ण केलेले धावक गळ्यात पदक पडण्याआधीच घड्याळाकडे बघतात आणि पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. शर्यत ४२.१९५ किलोमीटरची आणि घड्याळात आकडा ४२.६ किंवा ४२.८. शेजारी उभ्या असलेल्या धावकाच्या घड्याळात तिसराच काहीतरी. आयोजकांनी रस्ता लांब आखला, अशी कुजबुज लगेच सुरू होते. बहुतेक वेळा आयोजकांचं काही चुकलेलं नसतं.

मॅरेथॉनचा मार्ग मोजतात तो सायकलवरून. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यांत्रिक गणकयंत्र लावतात, ते आधी पोलादी टेपने मोजलेल्या अंतरावर तपासून घेतात आणि मग नियमात बसणाऱ्या सर्वात जवळच्या वाटेने, वळणावर कडेच्या दगडापासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, सायकल चालवतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून त्यात हजारात एक या प्रमाणात, म्हणजे मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर, मुद्दाम वाढवतात. हजारोंच्या गर्दीत धावणाऱ्या माणसाला ती वाट पकडता येत नाही. तो पुढच्याला ओलांडायला बाजूला होतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, वळणं बाहेरून घेतो. त्याचे पाय खरोखरच जास्त धावलेले असतात.

उरलेला फरक घड्याळाचा. आणि परवडणारं घड्याळ निवडायचं, तर हा फरक कुठून येतो ते आधी समजायला हवं, कारण जास्तीचे पैसे बऱ्याचदा याच्याच नावाने मागितले जातात.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अचूक वेळेचा संदेश पाठवत असतात. संदेश निघाला कधी आणि पोहोचला कधी, यातल्या फरकावरून घड्याळ उपग्रहाचं अंतर काढतं आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा ठरवतं. प्रकाश एका सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे वेळेत नखभर चूक झाली तरी जागा काही मीटर सरकते. घड्याळ साधारण दर सेकंदाला असा एक बिंदू नोंदवतं आणि बिंदू जोडून अंतर काढतं. बिंदू खऱ्या वाटेच्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे पडले की सरळ रस्त्याची रेघ नागमोडी होते आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच भरते. साल्झबर्गच्या संशोधकांनी २०१६ साली हे गणिताने दाखवून दिलं. घाटातल्या तीव्र वळणांवर मात्र उलट होऊ शकतं. तिथे दोन बिंदूंमधली वाट कापली जाते आणि अंतर कमी भरतं.

उंच इमारतींमध्ये आणखी एक अडचण येते. उपग्रहाचा संदेश थेट मनगटापर्यंत न येता समोरच्या टॉवरवर आपटून येतो, त्याला वेळ जास्त लागतो आणि घड्याळाला वाटतं की उपग्रह दूर आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मोकळ्या आकाशाखाली स्वस्तातलं घड्याळसुद्धा नीट चालतं. पेडर रोडच्या इमारतींमध्ये शिरलं की त्याची रेघ डगमगू लागते.

यावर निघालेला उपाय म्हणजे दोन वारंवारिता. जुन्या एल-१ संदेशाच्या जोडीला एल-५ हा दुसरा संदेश ऐकायचा. एल-५ ची सांकेतिक रचना दहापट वेगवान असल्यामुळे थेट आलेला संदेश कुठला आणि भिंतीवर आपटून आलेला कुठला, हे वेगळं करणं सोपं जातं. जाहिरातीत याला ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ किंवा ‘मल्टी-बँड’ म्हणतात. २०२१ साली कोरोसने व्हर्टिक्स २ या घड्याळात ही सोय दिली तेव्हा त्याची किंमत ६९९ डॉलर होती. त्याच कंपनीच्या पेस ३ मध्ये २०२३ साली ती २२९ डॉलरला मिळू लागली. दुसरीकडे गार्मिनच्या २०२४ सालच्या फोररनर १६५ ची किंमत तेव्हा २४९ डॉलरच्या घरात असूनही त्यात दुसरी वारंवारिता नाही. जास्त किंमत म्हणजे जास्त अचूक जीपीएस, हे समीकरण या एका तुलनेतच मोडतं.

ही सोय सगळ्यांना लागते का? लागत नाही. नाशिकच्या, कोल्हापूरच्या किंवा सोलापूरच्या मोकळ्या रस्त्यांवर धावणाऱ्याला तिचा फायदा क्वचितच जाणवेल. लोअर परळच्या टॉवरांमध्ये, दाट झाडीत किंवा सह्याद्रीच्या अरुंद घळींमध्ये नियमित धावणाऱ्याने मात्र तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

पहिल्यांदाच घड्याळ घेणाऱ्याची खरी फसगत होते ती याच्या कितीतरी खालच्या पायरीवर. दोन-अडीच हजारांच्या स्मार्टवॉचच्या खोक्यावर ‘जीपीएस’ असं ठळक छापलेलं असतं, पण त्याचा अर्थ पुष्कळदा ‘कनेक्टेड जीपीएस’ असतो. घड्याळात उपग्रहांचा संदेश ऐकणारी चिपच नसते, ते खिशातल्या फोनची जागा उसनी घेतं. फोन घरी ठेवला की मनगटाच्या हालचालीवरून पावलं मोजून अंतराचा अंदाज बांधतं. धावपटूसाठी याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण फोन सोबत न्यायचाच असेल तर फोनमधलं मोफत ॲप तेच काम करतं. नावांवरूनही फसायला होतं. अमेझफिटच्या बिप यू मध्ये स्वतःचं जीपीएस नव्हतं, बिप यू प्रो मध्ये होतं. नावात फरक एका शब्दाचा, पण धावणाऱ्यासाठी ती दोन निराळी यंत्रं. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच: फोन घरी ठेवला तर घड्याळ स्वतः अंतर मोजेल का?

उपग्रहप्रणालींची लांब यादी पाहूनही हुरळून जाऊ नये. जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदू ही नावं आता स्वस्त घड्याळांतही सापडतात. आपली नाविक मात्र घड्याळांत फारशी दिसत नाही आणि त्यामागे एक तांत्रिक कारण आहे. तिचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या पट्ट्यांत बोलत होते आणि साध्या घड्याळातली चिप फक्त एल-१ ऐकते. इस्रोने २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकमध्ये एल-१ आला आहे.

उपग्रह आकाशात कुठे आहेत याची माहिती घड्याळाला उपग्रहाकडूनही मिळते, पण ती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने उतरते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून घड्याळं पुढच्या काही दिवसांची माहिती फोनमार्फत आधीच उतरवून ठेवतात. महिनाभर फोनशी न जोडलेलं घड्याळ पहाटे गेटपाशी ताटकळत ठेवतं, ते या कारणाने. धावायला निघण्याच्या आदल्या रात्री घड्याळ फोनशी जोडून घेतलं आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी थोडा वेळ मोकळ्यावर उभं राहिलं, तर साधं घड्याळही बरंच चांगलं वागतं. याला एक पैसाही पडत नाही.

गार्मिनने फोररनर मालिका २००३ साली सुरू केली. त्यातलं फोररनर २०१ होतं ७८ ग्रॅमचं आणि ते अंतर, वेळ आणि पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, दाखवत असे. २०२१ सालचं फोररनर ५५ आहे ३७ ग्रॅमचं आणि जीपीएस चालू ठेवून साधारण २० तास टिकतं. धावणाऱ्याची मूळ गरज मात्र फारशी बदललेली नाही: अंतर, पेस, लॅप आणि इंटरव्हल लावण्याची सोय. पेसच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या क्षणाचा पेस कुठल्याही घड्याळात नाचतच असतो, तेव्हा पडद्यावर चालू किलोमीटरचा सरासरी पेस लावावा. शर्यतीत आपोआप पडणारे लॅप बंद करून रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या फलकापाशी लॅपचं बटण स्वतः दाबणारा धावक जीपीएसच्या चुकांपासून बराचसा सुटतो.

त्यासाठी बटण हवं. ज्या घड्याळात सगळा कारभार बोटाच्या स्पर्शावर चालतो, ते जुलैच्या पावसात आणि मे महिन्याच्या घामात साथ सोडतं. पडदा ओला झाला की स्पर्श नीट लागत नाही, नाहीतर भलताच लागतो. महाराष्ट्रात धावणाऱ्याने किमान चालू-बंद आणि लॅप यांसाठी खरी बटणं असलेलंच घड्याळ घ्यावं. झगमगीत ॲमोलेड पडदा घरात छान दिसतो. फोररनर ५५ सारख्या घड्याळांचा साधा पडदा मात्र जेवढं ऊन जास्त तेवढा स्पष्ट वाचता येतो आणि बॅटरीही कमी खातो.

बॅटरीच्या आकड्यांचा मोह टाळावा. मुंबईची मॅरेथॉन पाच-सहा तासांत पुरी करणाऱ्याला २० तास भरपूर झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीची मुदतसुद्धा १२ तासांची आहे. त्याहून जास्त तास चालणारं जीपीएस लागतं ते रात्रंदिवस डोंगर तुडवणाऱ्यांना.

चढणीवर धावणाऱ्यांची गरज थोडी निराळी आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते. अशा ठिकाणी उपग्रहावरून काढलेली उंची फार चुकते, कारण सगळे उपग्रह वरच्याच बाजूला असतात. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असेल तर चढण बरीच नीट कळते. फोररनर ५५ मध्ये तो नाही, १६५ आणि पेस ३ मध्ये आहे. सातारा, पाचगणी, लोणावळ्याच्या धावकांनी ही एक ओळ वाचूनच निर्णय घ्यावा.

मनगटावरून मोजलेल्या हृदयाच्या ठोक्यांवर मर्यादित विश्वास ठेवावा. हिरव्या प्रकाशात त्वचेखालच्या रक्ताची वाढ-घट पाहून हे मोजमाप होतं. पट्टा सैल असला की घड्याळ ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं आणि निवांत धावतानाही १७० चा आकडा दाखवतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून थोडा वर, घट्ट बांधला की फरक पडतो. ठोक्यांवरूनच सराव करायचा असेल तर महागड्या घड्याळाऐवजी साधं घड्याळ आणि छातीला बांधायचा पट्टा ही जोडी अधिक विश्वासाची.

कॅलरींवर विसंबू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची ७ उपकरणं ६० जणांवर तपासली. त्यातल्या सहांची ठोक्यांमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत सर्वात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं. घड्याळातला आकडा पाहून पोह्यांची दुसरी बशी घ्यायची की नाही हे ठरवू नये.

पैसे वाचवण्याचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे एक पिढी मागे राहणं. नवं मॉडेल आलं की आधीचं स्वस्त होतं आणि त्यातली अंतर मोजणारी यंत्रणा पुढची काही वर्षं सहज पुरते. वापरलेलं घड्याळ घेताना मात्र बॅटरी किती उरली ते एक लांब धाव घेऊन पाहावं, कारण ती घरी बदलता येत नाही.

रस्त्यावर १० किलोमीटर किंवा हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने स्वतःचं जीपीएस, खरी बटणं, बदलता येणारा पट्टा आणि आपल्या शहरात दुरुस्तीची सोय एवढं पाहून सर्वात स्वस्त घड्याळ घ्यावं आणि उरलेले पैसे बुटांवर खर्च करावेत. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या रस्त्यावर जाऊन परत या आणि ॲपमधल्या नकाशावरची रेघ मोठी करून बघा. जाण्याचं आणि येण्याचं अंतर जुळत नसेल, रेघ रस्ता सोडून वारंवार इमारतींमधून जात असेल, तर परताव्याची मुदत संपण्याआधी घड्याळ दुकानात परत द्या.