रेडिएशनच्या खोलीत जाण्याआधीच
रेडिएशन घेताना दुखत नाही, तरी भीती वाटतेच. खोलीत रुग्ण एकटा. डोक्या-मानेचा कर्करोग असेल तर चेहऱ्यावर घट्ट जाळीदार मास्क, तोही टेबलाला पक्का केलेला. तंत्रज्ञ बाहेरून कॅमेऱ्यात बघत असतात, माइकवर बोलतात. पण पहिल्या दिवशी हे कुणाला ठाऊक असतं? इथेच मला व्हर्च्युअल रिॲलिटी (संगणकाने उभं केलेलं आभासी त्रिमितीय दृश्य) फार मोलाची वाटते.

इंग्लंडमधल्या हल शहरात तयार झालेली ‘व्हर्ट’ प्रणाली मुळात रेडिओथेरपी शिकणाऱ्यांसाठी होती. पुढे तीच रुग्णांना उपचार समजावायला वापरली गेली. भोवती फिरणारं मशीन, किरणांची वाट, सगळं आधीच त्रिमितीत दिसतं. उपचार चालू असताना मास्कवर व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट (डोळ्यांवर लावायचं उपकरण) बसत नाही, म्हणून मास्क लागणाऱ्या रुग्णांना या तंत्राचा खरा उपयोग उपचाराआधी. घरात कुणाचं रेडिएशन सुरू होणार असेल, तर आधी मशीन दाखवाल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.