संगीतगृहाचा हिशेब

हॅम्बुर्गच्या बंदरात ११ जानेवारी २०१७ रोजी ‘एल्बफिलहार्मोनी’ या संगीतगृहाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यापायी शहराच्या तिजोरीवर सुमारे ७८.९ कोटी युरोंचा भार पडला होता. प्रारंभी नागरिकांना सांगितलेला आकडा ७.७ कोटींचा होता.

वास्तू म्हणून तिची थोरवी मान्य करावीच लागेल. कोको, चहा व तंबाखू साठविण्यासाठी १९६० च्या दशकात बांधलेल्या गोदामाच्या विटांच्या भिंती राखून हेर्झोग आणि द म्यूराँ या स्विस वास्तुशिल्पींनी तीवर लाटांसारख्या छताची काचेची इमारत चढविली. २,१०० आसनांच्या मुख्य दालनात श्रोते वादकवृंदाच्या चहूबाजूंनी बसतात. जहाजांचे भोंगे आत पोहोचू नयेत म्हणून हे अवजड दालन पोलादी स्प्रिंगांवर तोलून उर्वरित इमारतीपासून अलग केले आहे. (तेथील ध्वनियोजनेविषयी जाणकारांत मतभेद आहेत; तो वाद त्यांनाच लखलाभ असो.)

अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक मोलाची जागा दालनाबाहेर आहे. वीट आणि काच जेथे मिळतात, तेथे ३७ मीटर उंचीवर एक प्रशस्त सार्वजनिक चौक आहे. मैफलीचे तिकीट न काढलेला माणूसही लांबलचक वक्र सरकत्या जिन्याने तेथे जाऊन नदी व बंदर न्याहाळू शकतो. भार साऱ्या शहराचा आणि लाभ मूठभर रसिकांचा, ही विषमता त्यामुळे मिटत नाही. काहीशी सुसह्य मात्र होते. त्याच इमारतीत हॉटेल आणि महागड्या सदनिकाही आहेत, हेही नजरेआड करता येत नाही.

खर्चवाढीचे खापर कलेच्या हव्यासावर फोडणे सोयीचे आहे. परंतु विधिमंडळाच्या चौकशी समितीच्या २०१४ च्या अहवालाने वेगळेच दाखविले: आराखडे पुरे झाले नसतानाच कंत्राट देण्यात आले होते. अपुऱ्या नकाशावर ठरलेली किंमत ही वाटाघाटींची केवळ सुरुवात असते. आणि अर्धवट इमारत उभी राहिली की सौद्याचे बळ कंत्राटदाराकडे जाते. २०११ च्या अखेरीस काम थांबले, ते दीर्घकाळ रखडले. २०१३ मध्ये नवा करार होऊन किंमत पक्की झाली, तोवर २०१० हे नियोजित वर्ष मागे पडले होते.

त्याची किंमत केवळ युरोंत मोजली गेली नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये २०२४ च्या ऑलिंपिकसाठी दावा करण्याविषयी हॅम्बुर्गमध्ये जनमत घेण्यात आले. त्या वेळी पुन्हा एकदा खर्चाचे अंदाज नागरिकांपुढे मांडण्यात आले होते. बहुसंख्य मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. बंदरातल्या अपुऱ्या इमारतीचा त्यात काहीच वाटा नव्हता, असे मानणे कठीण आहे.