‘कालकथित’ की ‘कालकत’?

गोदाकाठच्या सायखेडा (ता. निफाड, जि. नाशिक) येथून आमच्याकडे पुण्यानुमोदनाची एक पत्रिका आली. मृत मातेच्या नावापूर्वी ‘कालकथित’ असे छापले होते आणि सोबतच्या पत्रात उपासकांनी विचारले होते, ‘हा शब्द योग्य आहे काय?’ ही शंका अनेक धम्मबांधवांची असल्याने तिचा येथे विचार करीत आहोत.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’, ‘स्वर्गवासी’ ही विशेषणे आपण त्यागिली. ज्या कैलास-वैकुंठावर आपला विश्वास नाही, तेथे आपल्या माता-पित्यांना का धाडावे? त्या जागी ‘कालकथित’ रूढ झाला. हेतू निर्मळ होता. शब्दाचे रूप मात्र सदोष आहे.

‘कथित’ म्हणजे ‘सांगितलेले’. त्यामुळे ‘कालकथित’ या शब्दातून मृत्यूचा बोध होत नाही. पालीत ‘कालं करोति’ म्हणजे ‘मरण पावतो’. ‘करोति’ या क्रियापदाचे भूतकालवाचक कृदन्त ‘कत’ (संस्कृत ‘कृत’) होय. म्हणून ‘कालकत’ म्हणजे मृत आणि ‘कालकिरिया’ म्हणजे मृत्यू. पालीत ‘पिता कालकतो’, ‘माता कालकता’ असे लिंगानुसार रूप बदलते; मराठीत ‘कालकत’ एवढेच ठेवावे.

वाक्यात योजताना ‘कालकत’ हे विशेषण आहे, हे ध्यानी असावे. ‘आमच्या कालकत मातेच्या स्मृतिप्रीत्यर्थ’ किंवा ‘आमच्या मातोश्री काल कालकत झाल्या’ हे प्रयोग शुद्ध होत. ‘त्यांचे कालकत झाले’ हे अशुद्ध. तेथे नाम हवे, म्हणून ‘त्यांची कालकिरिया झाली’ असे लिहावे. ‘कालकतवासी’ तर सर्वथा त्याज्य, कारण या शब्दात कोणतेही निवासस्थान अभिप्रेत नाही.

काही जण ‘दिवंगत’ लिहितात. परंतु त्यातील ‘दिव’ म्हणजे स्वर्गच. ‘परिनिब्बान’ हा शब्द तर तथागत व अर्हंत यांच्यासाठी आहे. ६ डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन म्हणून आपण परम आदराने पाळतो. तो शब्द सरसकट प्रत्येक मृत्यूस लावल्यास त्याचे गांभीर्य उणावते.

ज्या स्मृतिशिलांवर ‘कालकथित’ कोरले गेले आहे, त्या खोडण्याचे कारण नाही. त्या अक्षरांमागे एका पिढीचा स्वाभिमान आहे. पुढील पत्रिका मात्र ‘कालकत’ लिहून छापावी, एवढीच आमची विनंती आहे.