पाठीवरचे इंजिन आणि डोक्यावरचा पंख

पॅरामोटर म्हणजे पाठीवर बांधलेल्या छोट्या इंजिनाच्या जोरावर उडणारे पॅराग्लायडर. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर बोटीला दोर बांधून पर्यटकांना वर चढवणारे पॅरासेलिंग अनेकांच्या पाहण्यात असते; परंतु त्यात माणूस केवळ ओढला जातो आणि नियंत्रण बोट चालवणाऱ्याच्या हाती राहते. पॅरामोटरमध्ये उडणारा स्वतःच वैमानिक असतो, तो स्वतःच्या पायांनी धावून जमीन सोडतो आणि त्यासाठी त्याला एखादे मोकळे, सपाट माळरान पुरते. साधारण २० ते ३० किलो वजनाचे दोन स्ट्रोकचे इंजिन, त्यावर बसवलेला प्रोपेलर, प्रोपेलरभोवतीचा जाळीदार पिंजरा, वैमानिकाला सामावून घेणारी पट्ट्यांची बैठक म्हणजे हार्नेस आणि दोऱ्यांनी जोडलेला कापडी पंख, एवढाच हा सारा संसार असतो.

यातील पंखाला कोणताही कडक सांगाडा नसतो. नायलॉनच्या दोन थरांमध्ये शिवलेले कप्पे पुढच्या कडेला उघडे असतात, त्यांत हवा शिरून दाब निर्माण झाला म्हणजे कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो आणि तो आकार टिकतो तोवरच उड्डाण टिकते. हवेने फुगणाऱ्या अशा पंखाची कल्पना डोमिना जालबर्ट यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत मांडली, १९७८ मध्ये फ्रान्समधील मियुसी या गावी काही पॅराशूटपटूंनी डोंगरउतारावरून धावत जाऊन उडण्याचा प्रघात पाडला आणि १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशा छत्रांना पाठीवरचे इंजिन जोडण्याचे पहिले प्रयोग झाले. इंजिनाने डोंगराची गरज संपवली. मात्र डोंगर जी शिस्त लावत असे, तीही त्यासोबत गेली. उतारावरून उडणाऱ्याला समोरून, योग्य वेगाने येणाऱ्या वाऱ्याची वाट पाहावीच लागते आणि अशा जागी बहुधा चार अनुभवी माणसे हजर असतात. इंजिनवाल्याला मात्र कोणत्याही शेतातून, कोणत्याही वेळी, एकट्याने उडता येते. पॅरामोटरच्या सुरक्षिततेचे बहुतेक प्रश्न या मोकळीकीतून उद्भवतात, आकाशाच्या उंचीतून नव्हे.

इंजिन वैमानिकाला वर उचलते हा सार्वत्रिक समज मुळात अपुरा आहे. उचलण्याचे काम पंखच करतो, इंजिन त्याला फक्त पुढे ढकलते. आणि हा रेटा पंखाला थेट न लागता त्याच्या सहा-सात मीटर खाली लटकलेल्या माणसाला लागत असल्यामुळे दोघांचे नाते झोपाळ्यासारखे असते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवणारी हातातील कळ, एकदम दाबली की माणूस पुढे झुलतो व पंख मागे राहतो, त्यामुळे समोरून येणारी हवा आणि पंख यांतील कोन वाढतो. अशा वेळी पंखाची मागची कड खाली ओढणारे ब्रेकही खोल ओढलेले असले, तर हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला सोडून देते व त्याची उचलशक्ती नाहीशी होते. यालाच स्टॉल म्हणतात. उलट थ्रॉटल अचानक सोडला तर माणूस मागे येतो, पंख पुढे झेपावतो आणि काही क्षण झपाट्याने उंची घटते, जी गोष्ट जमिनीजवळ घातक ठरते. शिवाय प्रोपेलर एका दिशेने फिरत असताना वैमानिकाचे शरीर विरुद्ध दिशेने पिळले जाते; पूर्ण थ्रॉटल, मंद वेग आणि ओढलेला ब्रेक यांचा मेळ बसला तर हा पीळ इतका वाढतो की पंखापासून हार्नेसपर्यंत येणाऱ्या पट्ट्या एकमेकींत गुंततात. थ्रॉटल हळुवार वाढवणे व हळुवार कमी करणे हा नियम या दोन्ही कारणांमुळे आहे.

प्रोपेलरविषयी मात्र अधिक विस्ताराने बोलायला हवे, कारण जमिनीवरची सर्वांत वाईट दुखापत त्याच्याकडून होते. सव्वा मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २,७०० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या पलीकडे जातो आणि पिंजऱ्याची जाळी दोऱ्या अडवण्यासाठी असते, माणसाचा हात थोपवण्यासाठी नव्हे. फ्रान्चेस्को फेलेत्ती आणि जेफ गोइन यांनी अमेरिकेतील ३८४ अपघातांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४४ टक्के, इजा हातापासून खांद्यापर्यंतच्या भागाला झाल्याचे आढळले. इंजिन जमिनीवर ठेवून सुरू करताना थ्रॉटलची तार अडकलेली असली तर ते क्षणात पूर्ण जोर धरते व सुरू करणाऱ्याच्या अंगावर येते. हे दुर्दैव टाळण्यासाठी थ्रॉटल मोकळा परततो की नाही आणि इंजिन तत्काळ बंद करणारी कळ काम करते की नाही हे आधी तपासावे लागते, शक्य तेथे इंजिन पाठीवर घेतल्यावरच सुरू करावे लागते आणि सुरू करण्यापूर्वी मागे कोणी नाही याची खात्री करून मोठ्याने इशारा द्यावा लागतो. लोंबणारी ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा, हातातून सुटलेली ब्रेकची मूठ, यांपैकी काहीही प्रोपेलरमध्ये ओढले जाऊ शकते. हार्नेसच्या पायपट्ट्या सर्वांत आधी बांधण्याची आणि सर्वांत शेवटी सोडण्याची सवयही अशीच जीवनावश्यक आहे, कारण त्या बांधायच्या राहून गेल्या तर वैमानिक हवेत बैठकीतून खाली सरकतो.

उड्डाण दोन प्रकारे केले जाते. वारा नसताना किंवा नाममात्र असताना वैमानिक पंखाकडे पाठ करून उभा राहतो. पंख त्याच्या मागे कमानीसारखा अशा बेताने पसरलेला असतो की मध्यभाग सर्वांत दूर राहावा, म्हणजे दोऱ्या ताणल्या जाताच मधले कप्पे आधी फुगतात आणि पंख सरळ वर येतो. पुढच्या कडेच्या दोऱ्या ज्या पट्ट्यांना येऊन मिळतात त्यांना ए-रायझर म्हणतात; ते हाती घेऊन, न थांबता, निर्धाराने पावले टाकत गेले की पंख डोक्यावर येतो. वारा ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर असेल तर पंखाकडे तोंड करून तो आधी वाऱ्यानेच उभा करणे, त्याच्याकडे नीट पाहून घेणे आणि मग योग्य दिशेने वळून धावणे अधिक सुरक्षित असते. यात वळण्याची दिशा चुकली तर दोऱ्यांचा पीळ सुटण्याऐवजी दुप्पट होतो, म्हणून पंख उचलण्याआधीच ती दिशा मनाशी पक्की करून ठेवावी लागते.

नवशिक्यांच्या बहुतेक चुका याच दहा-पंधरा सेकंदांत होतात आणि त्यांच्या मुळाशी घाई असते. पंख अजून पूर्ण वर आलेला नसताना पूर्ण थ्रॉटल दिल्यास प्रोपेलरचा झोत दोऱ्यांवर व कापडावर आदळतो आणि सैल दोऱ्या प्रोपेलरच्या दिशेने खेचल्या जाण्याचा धोका निर्माण होतो. धावताना कंबरेत वाकण्याची ओढ स्वाभाविक असली तरी त्यामुळे इंजिनाचा रेटा आडवा न राहता जमिनीच्या दिशेने वळतो. ताठ, किंबहुना किंचित मागे रेलूनच धावावे लागते. पाय जमिनीपासून सुटू लागताच बैठकीत बसण्याची घाई तर सर्वांत महाग पडते, कारण पंखाने अद्याप पूर्ण भार उचललेला नसतो आणि पाय आखडलेला माणूस पिंजऱ्यासह खाली आदळतो. जमीन चांगली खाली राहीपर्यंत पाय धावण्याच्या तयारीत ठेवणे, हा त्यावरचा उपाय कितीही हास्यास्पद दिसला तरी खरा आहे. पंख एका बाजूला कलला तर ब्रेकने त्याला ओढून सरळ करण्यापेक्षा स्वतः त्याच्याखाली धावत जावे, आणि तेही साधले नाही तर इंजिन बंद करून उड्डाण सोडून द्यावे. धावता धावता सोडून देण्याचा हा निर्णय मुद्दाम सराव करून शिकवला जातो, आणि जेथे तो शिकवला जात नाही त्या प्रशिक्षणाविषयी शंका घेण्यास जागा आहे.

जमीन सुटल्यावर वाऱ्याला तोंड देत सरळ चढत राहणे आणि पुरेशी उंची मिळेपर्यंत वळण न घेणे हेच शहाणपणाचे असते. इंजिन कोणत्याही क्षणी बंद पडेल असे गृहीत धरून उतरण्याजोगी जागा सतत नजरेत ठेवावी लागते. पंखाची घसरण साधारण एक मीटर उंचीमागे सहा मीटर अंतर अशी धरली, तर शांत हवेत १०० मीटर उंचीवरून ६०० मीटरपर्यंतचे शेत गाठता येते, समोरून वारा असल्यास त्याहून बरेच कमी. पॅरामोटरचा वेग ताशी ३५ ते ५५ किलोमीटरच असल्यामुळे वाऱ्याचा प्रत्येक किलोमीटर येथे हिशेबात येतो.

दख्खनच्या पठारावर हा हिशेब आणखी कडक होतो. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत उठू लागतात. बिनइंजिनाचे पॅराग्लायडर याच झोतांवर तरंगतात, परंतु नवख्या पॅरामोटरवाल्याच्या पंखाची एक बाजू ते मिटवू शकतात, म्हणून सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन-अडीच तास त्याच्यासाठी योग्य. समुद्रसपाटीपासूनची सहा-सातशे मीटर उंची आणि चाळीस अंशांची उष्णता यांमुळे हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो आणि त्याच माणसाला त्याच यंत्रानिशी अधिक लांब धावावे लागते. एप्रिल-मेमधील वळीव दूर क्षितिजावर दिसत असला तरी त्याच्या पुढे धावणारे वारे उन्हात उभ्या असलेल्या मैदानावर काही मिनिटांत पोहोचतात. झाडांच्या रांगेच्या किंवा टेकडीच्या आडोशाला हवा भोवऱ्यासारखी गरगरते. असा आडोसा उड्डाणासाठी निवडणे ही वरकरणी सोयीची, पण वाईट निवड होय.

विजेच्या तारा वरून जवळजवळ दिसत नाहीत, खांब दिसतात; तेव्हा नजर खांबांचा माग काढण्यास शिकवावी लागते आणि तारा ओलांडायच्या असल्यास खांबाच्या वरून, भरपूर उंची राखून ओलांडाव्यात. पाण्यावरून उडण्याचा मोह त्याहून धोकादायक आहे, कारण पाण्यात उतरलेल्या वैमानिकाला इंजिनाचे वजन खाली ओढते आणि दोऱ्या अंगाभोवती गुंततात. पाण्यात पडताच आपोआप फुगणारे तरंगसाधन इंजिनाच्या सांगाड्याला लावल्याखेरीज किनाऱ्यापासून दूर जाऊ नये.

कायद्याच्या बाबतीत देशोदेशी टोकाचे अंतर आहे. अमेरिकेत १९८२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार अशा एकआसनी हलक्या साधनांसाठी परवाना लागत नाही, मात्र दाट वस्तीवरून उडण्यास मनाई आहे. फ्रान्समध्ये परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. भारतात हवाई क्षेत्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते आणि मुंबई व दिल्ली पोलीस सुरक्षेच्या कारणास्तव वेळोवेळी पॅराग्लायडर, पॅरामोटर व ड्रोन यांच्यावर बंदीचे आदेश काढतात, त्यामुळे उडण्यापूर्वी स्थानिक पोलीस आणि जवळच्या विमानतळाची हद्द यांची चौकशी करणे अनिवार्य ठरते.

उतरताना अनुभवी वैमानिक जमिनीपासून तीसेक मीटरवर इंजिन बंद करतात, कारण पाय घसरून पडले तरी थांबलेला प्रोपेलर फक्त मोडतो, कोणाला कापत नाही. वाऱ्याच्या दिशेने तोंड करून, हात वर ठेवून वेगाने खाली येत शेवटच्या मीटर-दीड मीटरवर दोन्ही ब्रेक पूर्ण ओढले की पंख क्षणभर थबकतो आणि पाय जमिनीला लागतात. त्यानंतर लगेच मागे वळून पंख पाडावा लागतो, कारण वाऱ्यात उभा राहिलेला पंख जमिनीवर उतरलेल्या माणसालाही इंजिनासकट फरफटत नेऊ शकतो.