दुसऱ्या फळीची शिडी

फुटबॉलमध्यें संघांची उतरंड असते. वरच्या श्रेणींत तळाला राहिलेला संघ खालीं येतो, खालचा विजेता वर चढतो. मग खालच्या संघांना परदेशच्या मैदानाचा मान कधींच मिळूं नये काय? १९९२ सालीं इंग्लंड व इटली यांनीं अँग्लो-इटालियन चषक आपापल्या दुसऱ्या श्रेणीसाठीं पुन्हां सुरू केला. १९९३ मध्यें क्रेमोनेसे संघानें डर्बी कौंटीस वेम्बलीवर ३-१ असें हरविलें. परंतु या विजयानें कोणी वरच्या श्रेणींत जात नसे. सामन्यांच्या तारखांचाहि मेळ बसेना. १९९६ नंतर चषक बंद पडला.

याउलट कलकत्त्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग संघ वर चढला आणि १९३४ मध्यें पहिल्याच हंगामांत अजिंक्य ठरला. २००८ सालीं मुंबई एफ. सी. संघ आय-लीगची द्वितीय श्रेणी जिंकून वर गेला. २०१७ मध्यें तळाला राहिला आणि पुढें विसर्जित झाला. शिडी चढविते तशी उतरवितेहि. तरीहि परभणीसारख्या आडबाजूच्या जिल्ह्यांतील होतकरू खेळाडूला चांदीच्या चषकाहून ही शिडीच अधिक मोलाची होय.