भोर, वेल्हे, मुळशी : तीन तालुके, एक आमदार

हिंजवडीतल्या एखाद्या उंच सोसायटीत राहणारा इंजिनीअर आणि तोरण्याच्या पायथ्याला भात-नाचणी करणारा शेतकरी, या दोघांचा आमदार एकच. पुण्यातल्या लोकांना हे सांगितलं तर निम्म्यांना पटत नाही. विधानसभा मतदारसंघ क्रमांक २०३, भोर. यात भोर, वेल्हे (आता राजगड तालुका म्हणायचं) आणि मुळशी असे तीन तालुके येतात. एका टोकाला वरंधा घाट, दुसऱ्या टोकाला चांदणी चौक ओलांडला की लागणारं भूगाव. मधे धरणं, किल्ले, लवासा आणि वळणं संपता संपत नाहीत असे रस्ते.

मी पुरंदरमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. इलेक्शन ड्युटी आपल्या स्वतःच्या मतदारसंघात लावत नाहीत, त्यामुळे भोरची वाट माझ्या वाट्याला आली, तीही केंद्राध्यक्ष म्हणून. पेपरात येतं ते सगळं उमेदवारांबद्दल आणि मशीनबद्दल. पारावरच्या गप्पांतही शंका असते ती मशीनवरच. शंका घ्यायलाच हवी, पण माझ्या मते ती आधी रेषेवर घ्यावी, मग यादीवर. मशीनचा नंबर त्यानंतर.

रेषा म्हणजे मतदारसंघाची हद्द. ती आमदार ठरवत नाहीत, कलेक्टरही नाही. त्यासाठी परिसीमन आयोग नेमला जातो. सध्याची हद्द न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१च्या जनगणनेवरून आखली, ती २००८मध्ये लागू झाली आणि महाराष्ट्रात २००९च्या निवडणुकीत पहिल्यांदा वापरली गेली. राज्याच्या एकूण जागा तेव्हा बदलल्या नाहीत, २८८च राहिल्या, कारण राज्यांच्या जागांचा आकडा १९७१च्या लोकसंख्येवर गोठवून ठेवलेला आहे. जागा हलल्या त्या राज्याच्या आतल्या आत. मुंबई शहर जिल्ह्याच्या १७च्या १० झाल्या आणि उपनगराच्या १७च्या २६. एकूण जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. भोर खुला आहे.

याच फेरआखणीत मुळशी नावाचा स्वतंत्र मतदारसंघ नकाशावरून गेला आणि अख्खा तालुका भोरला जोडला गेला. तोवर भोरचं राजकारण म्हणजे थोपटे घराणं. अनंतराव थोपटे सहा वेळा आमदार झाले. १९९९ला काशिनाथ खुटवडांनी त्यांना पाडलं, त्याची चर्चा भोरमधली म्हातारी माणसं अजून करतात. मुलगा संग्राम थोपटे नव्या हद्दीतही २००९, २०१४ आणि २०१९ असे सलग तीनदा निवडून आले. म्हणजे रेषा बदलली म्हणून निकाल लगेच बदलला नाही. पण त्या पंधरा वर्षांत मुळशीत इमारती वाढत गेल्या आणि मतदारही वाढले. २०२४ला मुळशीचे शंकर मांडेकर संग्राम थोपट्यांना साडेएकोणीस हजारांहून जास्त मतांनी हरवून निवडून आले. यात महायुती, आघाडी, बंडखोर अपक्ष असं बरंच काही होतं, हे मान्य. तरी मुळशीकरांच्या तोंडी तेव्हा एकच वाक्य होतं, आपल्या तालुक्याला आमदार मिळाला. २००८ची रेषा नसती, तर हे वाक्य कुणी बोललंच नसतं.

आयोगाने मोजणी धरली ती २००१ची. हिंजवडीचं आयटी पार्क तेव्हा नुकतं कुठे उभं राहत होतं. म्हणून आज राज्यात मताचं वजन सारखं नाही. २०२४ला चिंचवड मतदारसंघात साडेसहा लाखांहून जास्त मतदार होते, मुंबईतल्या वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास. भोरमध्ये चार लाखांच्या वर. आमदार सगळीकडे एकेकच.

उमेदवारीचं थोडक्यात सांगतो. वय २५ पूर्ण पाहिजे आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव पाहिजे. भोरमध्ये उभं राहायला भोरचा मतदार असावं लागत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अनामत रक्कम १० हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५ हजार, आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर ती जप्त. पक्षाचा ए-बी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, वेळेत पोचला नाही की भलेभले अपक्ष होऊन बसतात. खर्चाची मर्यादा ४० लाख. या आकड्यावर कोण किती विश्वास ठेवतो, ते चहाच्या टपरीवर विचारून बघा.

यादीकडे मात्र थांबून बघायला हवं. प्रत्येक केंद्राचा यादी भाग असतो आणि त्याला एक बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, असतो. बहुतेक वेळा माझ्यासारखा मास्तर, नाहीतर अंगणवाडीसेविका. नाव घालायला नमुना ६, काढायला नमुना ७, दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला नमुना ८. पूर्वी अठरा पूर्ण झालेत का हे फक्त १ जानेवारीला पाहत, आता वर्षातून चार तारखा आहेत. प्रारूप यादी लावतात, हरकती मागवतात. ती वाचायला कोण येतं? गावात निदान पक्षाची पोरं येतात. सोसायट्यांत तर अनेकांचं नाव अजून लातूरला, नाहीतर जळगावला असतं आणि तक्रार मात्र इथल्या रस्त्याची असते. इथला आमदार त्या माणसाला का मोजेल?

एका निवडणुकीत पानशेतच्या मागच्या अंगाला एका वाडीवरचं केंद्र मिळालं होतं. भातझोडणीचे दिवस, त्यामुळे माणसं उजाडायच्या आत रांगेत, की मत देऊन खळ्यावर जाता येईल. आमच्याकडे एएसडी नावाची एक यादी असते. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने नाव पुकारलं आणि तो गप्पच झाला. समोर उभ्या असलेल्या आजींच्या नावापुढे 'मयत' लिहिलेलं.

"आजी, इथं तुम्हाला मयत दाखवलंय."

"मंग म्या कोन हाय रं मास्तर?"

रांग हसली. आजी हसल्या नाहीत. मुख्य यादीत त्यांचं नाव शाबूत होतं, म्हणून मार्ग होता. केंद्राध्यक्षाने ओळखपत्र स्वतः तपासायचं, घोषणापत्र घ्यायचं, सहीबरोबर अंगठाही उमटवून घ्यायचा आणि मत देऊ द्यायचं. नमुना ७ भरून नाव मुख्य यादीतूनच कमी झालेलं असतं, तर मी काहीही करू शकलो नसतो. आधारकार्ड, मतदार ओळखपत्र, जिवंत माणूस, तिन्ही समोर असूनही परत पाठवावं लागलं असतं. यादीची ताकद ही अशी असते.

आता मशीन. मतदान सात वाजता सुरू, पण त्याआधी दीड तास मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. उमेदवारांचे एजंट साडेपाचला यायला हवेत. ते आले नाहीत तर पंधरा मिनिटं वाट पाहून आपण सुरू करायचं. किमान पन्नास मतं टाकायची आणि नोटासकट प्रत्येक बटण दाबायचं. कुणाला किती टाकली ते कागदावर लिहीत जायचं, मग क्लोज, रिझल्ट. मशीनचा आकडा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आणि आपला कागद, तिन्ही जुळले पाहिजेत. त्यानंतर क्लिअर. हे क्लिअर विसरलात तर ती पन्नास मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मग रात्रभर झोप नाही. प्रशिक्षणात याच एका बटणासाठी आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं दरडावतात. चिठ्ठ्यांवर मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या, व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी आणि मशीनवर शून्य, हे एजंटांना दाखवायचं आणि मगच दार उघडायचं.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं. नाव मोठ्याने पुकारणं, डाव्या तर्जनीला शाई, १७-ए रजिस्टरवर सही, कंट्रोल युनिटवर बॅलट, लांबलचक बीप, काचेमागे सात सेकंद चिठ्ठी. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर ओरडत घरी जाऊ नका, टेंडर व्होट मागा. छापील मतपत्रिका मिळते आणि तिची वेगळी नोंद राहते. एजंटाला एखाद्याच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल तर दोन रुपये भरून घेता येतो. सहाच्या ठोक्याला रांगेत जितके असतील त्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटायच्या, म्हणजे मागे कुणी घुसत नाही.

सगळं आटोपल्यावर भरायचा कागद म्हणजे १७-सी. रजिस्टरवर किती सह्या, मशीनमध्ये किती मतं, मशीनचे नंबर, सीलचे नंबर. कुणी सही करून मत न देताच निघून गेला तर तो फरक तिथे नोंदवावा लागतो. याची प्रत प्रत्येक एजंटाला द्यायची असते. खरं तर एजंटाच्या हातातला सगळ्यात पक्का पुरावा हाच. मोजणीच्या टेबलावर मशीन उघडलं की एकूण मतांचा आकडा या कागदाशी ताडून पाहता येतो. आणि नेमके याच वेळी एजंट गाडीत बसून जेवायला निघालेले असतात. मी प्रती घेऊन त्यांच्या मागे धावलोय. दुसऱ्या दिवशी हेच लोक मशीनबद्दल सगळ्यात मोठ्याने बोलतात.

मोजणीला आधी टपाली मतं घेतात. त्यात माझंही असतं. ड्युटीवरच्या माणसाचं मत पाकिटातून जातं, पुरंदरच्या मशीनचं बटण दाबायचा योग मला फारसा येत नाही. पंचाऐंशी वर्षांवरच्या आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं, तीही मतं यातच. मग साधारण चौदा टेबलं, म्हणजे एका फेरीत चौदा केंद्रं. शेवटी पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हाताने मोजतात. सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो आमदार. निम्म्याहून जास्त मतं लागतात असं अनेकांना वाटतं, तसं नाही. मांडेकरांची मतं सव्वा लाखाच्या आसपास होती, पडलेल्या एकूण मतांच्या निम्म्याहून कमी. मालेगाव मध्यला त्याच निवडणुकीत निकाल १६२ मतांवर लागला. आणि बरोबरी झाली तर चिठ्ठी. मुंबई महापालिकेच्या २०१७च्या निवडणुकीत गिरगावच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात तसं झालंच होतं. विधानसभेलाही नियम हाच.

या पद्धतीतली एक गोष्ट मला बरेच दिवस खटकते आहे. मोजणी केंद्रवार होते आणि केंद्रवार आकडे जाहीर होतात. हिंजवडीच्या केंद्रावर हजार-बाराशे मतदार, तिथे कुणी कुणाला दिलं याचा थांग लागत नाही. डोंगरातल्या वाडीवर शे-दीडशे मतदार, आठ-दहा घरांची भावकी. निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं की त्या वाडीने कुणाला धरलं आणि कुणाला सोडलं. मग पाण्याची योजना कुणाकडे आधी जाते, साकव कुणाचा राहतो, हे मी सांगायला नको. अनेक मशीनची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र आहे, निवडणूक आयोगाने ते सुचवलंही होतं, पण ते वापरात आलेलं नाही. गुप्त मतदान ज्यांना खरोखर हवं, त्यांनाच ते पुरतं मिळत नाही.

रेषा आता पुन्हा आखली जाणार. जागांवरची गोठवणूक २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे आणि जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस सरकारने जाहीर केला आहे. आकडे आले, आयोग बसला, की मुळशी भोरबरोबर राहणं कठीण. लोकसंख्या तिकडे धावली आहे आणि वेल्ह्यातली तरुण पोरं कामासाठी पुण्यात आहेत. मागच्या खेपेला आयोगाने मसुदा आधी प्रसिद्ध केला होता, हरकती मागवल्या होत्या आणि जाहीर बैठका घेतल्या होत्या. या वेळीही घेतील. मुळशीकर नकाशे, आकडे, वकील सगळं घेऊन तिथे हजर राहतील, यात मला शंका नाही. वेल्ह्याकडून कोण जाणार, हे मी तिथल्या एका सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, बैठक भातझोडणीत लागली तर कोन जानार?"